माशांच्या टाकीतल्या झाडांना किती उजेड?

• काय पाहावे: वॅटवरून फक्त विजेचा खप कळतो. एलईडी घेताना खोक्यावरचे ल्युमेन पाहा.

• हिशेब: दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे ४० लिटर पाणी मावते. लिटरमागे १५ ते २० ल्युमेन धरले, तर ६०० ते ८०० पुरतात.

• झाडे: एवढ्या उजेडात अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन तगतात. तळाशी गालिचा धरणाऱ्या बहुतेक जातींना साधारण दुप्पट उजेड आणि कार्बन डायऑक्साइडची जोड लागते.

• रंग: ६५०० केल्विनच्या आसपासचा पांढरा.

• वेळ: रोज ६ ते ८ तास, टायमर लावा. शेवाळ धरू लागले, तर आधी तास कमी करा.

• जागा: खिडकीतले थेट ऊन टाळा, शेवाळही वाढते, पाणीही तापते.