दोन्ही खांद्यांवरून पदर

सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) रंगमंचावर लावणी गायला उभ्या राहत तेव्हा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला असे. अदा नाही, ठुमका नाही. जे काही व्हायचे ते गळ्यातून. ‘सोज्वळ बाईने शृंगार गायला’ असे कौतुक त्यामुळे नेहमी होते आणि तिथेच थांबते. त्यांच्या कारकिर्दीतून दिसते ते निराळे आहे: पांढरपेशा महाराष्ट्राला घरात बसून लावणी ऐकता आली, कारण आधी लावणीचे तुकडे झाले.

तमाशाच्या फडावर एकच बाई गायची, नाचायची, अदा करायची आणि बोलणीही तीच खायची. चित्रपटात हे काम वाटले गेले. ‘सवाल माझा ऐका’ (१९६४) मधली ‘सोळावं वरीस धोक्याचं’ घ्या. शब्द जगदीश खेबूडकरांचे, चाल वसंत पवारांची, गळा सुलोचनाबाईंचा आणि चित्रपटाची नायिका जयश्री गडकर. चावटपणा चौघांत विभागला की कुणाच्याच अंगाला चिकटत नाही. राजा बढे आणि श्रीनिवास खळे या जोडीने ‘कळीदार कपूरी पान’ही दिले आणि पुढे राज्यगीत झालेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ही, यात कुणाला विसंगती वाटली नाही, वाटायचे कारणही नव्हते. मात्र तमाशात गाणे आणि नाचणे दोन्ही स्वतः करणाऱ्या विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळूनही अखेरचे दिवस हलाखीत काढावे लागले. त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सरकारने सुरू केला तो त्या गेल्यावर.

वऱ्हाडाला ही वाटणी नवी नव्हती. इथल्या खडी गंमत या लोकनाट्यात शाहीर डफावर गातो आणि लुगडे नेसून नाचतो तो पुरुष, नाच्या. शृंगार भरपूर, पण बाईच मंचावर नसल्याने तिच्यावर ठपका ठेवायची सोय नाही. मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळाने तमाशावर बंदी घातली तेव्हा अमरावती-अकोला मध्य प्रांतात होते, म्हणून त्या हुकुमाची झळ इकडे थेट पोचली नाही. पण गाणारा एक आणि नाचणारा दुसरा ही रीत अमरावतीच्या राजापेठेतल्या श्रोत्याला रेडिओच्या आधीपासून ठाऊक असणार.

कुणी म्हणेल, मग सुलोचनाबाईंचे कर्तृत्व ते काय? शब्द दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची. त्यासाठी त्यांचे आधीचे गाणे ऐकावे. सुलोचना कदम या नावाने ‘ढोलक’ (१९५१) सारख्या हिंदी चित्रपटांत गाणारा आवाज मऊ, सरळ आहे. लावणीतला ठसका त्यांनी नंतर घडवला, आणि शब्द कुठे फेकायचा, कुठे दाबायचा हे पती श्यामराव चव्हाणांनी शिकवले असे त्या सांगत. म्हणजे खोडी कागदावर अर्धीच होती. उरलेली उच्चारात आली. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटले ते उगाच नव्हे. दुसरा आक्षेप ढोंगाचा: अंगभर पदर आणि ओठांवर शृंगार. पण ही अट श्रोत्यांनी घातलेली होती. ती पाळून लावणी गात त्या पद्मश्रीपर्यंत (२०२२) पोचल्या. ढोंग असेलच तर ते खुर्चीत बसलेल्यांचे.

बोट शब्दांवर ठेवायचे की देहावर, हे सगळीकडे सारखे नसते. पोलंडची पॉप गायिका डोडा हिने अंगप्रदर्शन आणि बेधडकपणा उघडपणे विकला, तरी खटला भरला गेला तो तिच्या बोलण्यावर. बायबल लिहिणाऱ्यांबद्दल २००९ साली मुलाखतीत काढलेल्या उद्गारांसाठी २०१२ मध्ये तिला ५,००० झ्लोटी दंड झाला. २०२२ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ती शिक्षा म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवली. तिथे शब्द टोचले, देह खपला.

आपल्याकडे नेमके उलट, आणि अजूनही. नृत्यांगना गौतमी पाटील रेकॉर्डवर नाचते, गात नाही. तिच्या हावभावांवर पुढारी बोलले, लावणी कलावंत बोलले, तिने माफीही मागितली. ज्या गाण्यांवर ती नाचत होती, त्यांच्या गीतकारांची नावे त्या गदारोळात कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही.