असुराच्या नावाचं शहर आणि कोरियातला यमराज

आश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे ललिता पंचमीला, कोल्हापुरात एक कोहळा फुटतो. अंबाबाईची पालखी लवाजम्यासह देवळातून निघते आणि शहराच्या पूर्वेला टेंबलाईच्या टेकडीवर जाते. तिथं तिची आणि त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, भेट होते, कुमारिकेच्या हातून कोहळ्याचा छेद होतो, आणि मग त्याचा तुकडा मिळवायला अशी झुंबड उडते की बंदोबस्तातले पोलीसही बाजूला ढकलले जातात. परगावच्या पाहुण्याला हे नवरात्रातलं आणखी एक कर्मकांड वाटतं. पण तो कोहळा म्हणजे कोल्हासुर. टेकडीवर दरवर्षी एक वध पुन्हा करून दाखवला जातो, आणि तोही एका रुसलेल्या देवीसमोर.

अलीकडे घराघरांत रात्री जागून कोरियन मालिका बघितल्या जातात. त्यातल्या भुताखेतांच्या आणि गुन्ह्यांच्या मालिकांचं कौतुक करताना लोक हमखास म्हणतात, ‘त्यांची पात्रं काळी-पांढरी नसतात, ग्रे शेडची असतात.’ अगदी खरं आहे. फक्त हे कौतुक कोल्हापूरकरानं केलं की मला गंमत वाटते, कारण त्याच्या गावाची जन्मकथाच ग्रे शेडची आहे.

करवीर माहात्म्यातली ती गोष्ट थोडक्यात अशी. कोल्हासुर तप करतो आणि देवीकडून वर मिळवतो, की तिनं शंभर वर्षं या क्षेत्रातून दूर राहावं. देवी शब्दाची पक्की, ती निघून जाते. शंभर वर्षं असुराला रान मोकळं. मुदत संपल्यावर ती परतते, युद्ध होतं, कोल्हासुर पडतो. आणि मरता मरता तो पुन्हा काहीतरी मागतो: या जागेला माझं नाव राहू दे, दरवर्षी माझ्या नावानं कोहळ्याचा बळी दिला जाऊ दे. देवी तेही देते. (इतिहासकार शहराच्या नावाची उपपत्ती वेगळी लावतात, पण गोष्ट सांगणारे त्यांना विचारायला थांबलेले नाहीत.) ज्यानं छळलं त्याच्याच नावावर गाव. मारणारीनंच ते करून दिलं.

पण मधल्या शंभर वर्षांत ज्यांनी सोसलं, त्यांचा हिशोब कुणाच्या खात्यावर मांडायचा? वर देणारीच्या की वर मागणाऱ्याच्या? कथा याचं उत्तर देत नाही. तिला पुढं जायची घाई आहे, कारण खरा गुंता पुढंच आहे.

कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष बापाच्या मृत्यूचा सूड घ्यायला येतो. त्याच्या हाती योगदंड लागलेला असतो. त्याच्या जोरावर तो सगळ्या देवांच्या शेळ्या-मेंढ्या करून टाकतो, आणि त्यातून महालक्ष्मीही, म्हणजे अंबाबाईही, सुटत नाही. जिनं कोल्हासुराला मारलं ती कळपात उभी! तिला सोडवते त्र्यंबोली. युक्तीनं ती कामाक्षाकडून योगदंड काढून घेते, त्याचा निकाल लावते आणि देवांना मूळ रूपात आणते. मग विजयाचा सोहळा होतो. सगळ्यांना आमंत्रणं जातात, आणि जिच्यामुळं हा दिवस दिसला तिलाच बोलवायचं राहून जातं.

त्र्यंबोली शाप देत नाही, शस्त्र उचलत नाही. ती गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन करवीराकडे पाठ करून बसते. चूक उमगल्यावर महालक्ष्मी स्वतः तिची समजूत काढायला जाते. पंचमीची पालखी म्हणजे तेच जाणं. थोरल्या देवीनं लहान देवीच्या दारी जाऊन चूक पदरात घ्यायची, आणि एकदा नव्हे, दरवर्षी.

शिक्षेचं काम या गोष्टीत फार लवकर उरकतं. कोल्हासुर मेला, कामाक्ष मेला, खलनायक संपले. तरी गोष्ट संपत नाही, कारण दोन येणी बाकी आहेत: मेलेल्याची एक मागणी आणि वाचवणारीचा एक अपमान. आषाढात मंगळवारी-शुक्रवारी पंचगंगेचं नवं पाणी घागरींतून मिरवत टेंबलाईच्या पायरीवर घालायला नेतात, पुढं पी-ढबाक वाजत असतं. अख्खं शहर वर्षातून पुन्हा पुन्हा त्या टेकडीवर हजेरी लावतं.

हे फक्त कोल्हापूरचं नाही. जेजुरीला मणी आणि मल्ल या दोन दैत्यांचा निकाल वेगवेगळा लागलेला दिसतो. शरण आलेल्या मणीची मूर्ती गडावर आहे, लोक तिलाही हात जोडतात. मल्लाचं मस्तक पायरीशी, त्यावर पाय देऊन वर जायचं. आणि तरी देवाचं नाव मल्हारी, म्हणजे हरलेल्याचं नाव जिंकलेल्यानं अंगावर वागवायचं. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या माळरानांवर पायी हिंडून देवस्थानं तपासत. जिथं देवी म्हसोबाला मारते त्याच परिसरात म्हसोबा शेंदूर लावून पुजलाही जातो, कुठं कुठं त्याच देवीचा नवरा म्हणूनही, याकडं त्यांनी लक्ष वेधलं. कोसंबींना यात वेगवेगळ्या जमातींच्या भांडणांचा आणि सोयरिकींचा इतिहास दिसला. आपण तो इतिहास विसरलो, पण शेंदूर लावायचं विसरलो नाही.

आता कोरियाच्या दक्षिणेला जाऊ, मिर्यांग नावाच्या गावी. तिथं नदीकाठच्या उंचवट्यावर यंगनामरू नावाचा जुना मंडप आहे आणि त्याच्या खालच्या अंगाला आरांग नावाच्या मुलीचं छोटं देऊळ. जोसोन राजवटीतली लोककथा अशी, की आरांग तिथल्या न्यायाधिकाऱ्याची मुलगी. दाईला फितवून एका हाताखालच्या माणसानं तिला रात्री बाहेर बोलावलं आणि ती वश होईना म्हणून मारून टाकलं. बापाला वाटलं पोरगी पळून गेली. तो लाजेनं गाव सोडून निघून गेला. त्यानंतर जो जो नवा अधिकारी येई तो पहिल्याच रात्री मरून पडे. शेवटी एक धीट माणूस दिवा लावून जागत बसला. रक्तबंबाळ मुलगी समोर आली. तो किंचाळला नाही. त्यानं विचारलं, काय झालं? तिनं सांगितलं, दुसऱ्या दिवशी फुलपाखरू होऊन ती गुन्हेगाराच्या टोपीवर बसली, खुनी सापडला.

आधीचे अधिकारी तिनं मारले नव्हते, ते भीतीनं मेले. तिला फक्त फिर्याद नोंदवायची होती! फिर्यादीचा चेहरा बघूनच ठाणेदार गतप्राण व्हावा, याहून न्यायव्यवस्थेवरचं बोचरं भाष्य मला ठाऊक नाही. पण त्या निरपराध अधिकाऱ्यांच्या मरणाचं पाप कुणाचं, हा प्रश्नही आपल्या शंभर वर्षांच्या प्रश्नासारखाच लोंबकळत राहतो. मिर्यांगमध्ये आरांगच्या नावानं आजही दरवर्षी विधी होतो. 2012 मध्ये याच कथेवर ‘आरांग अँड द मॅजिस्ट्रेट’ ही मालिका आली. तिथल्या आरांगला आपण कसे मेलो हेच आठवत नाही आणि सत्य शोधायला तिला तीन पौर्णिमांची मुदत मिळते. वर स्वर्गाचा राजा आणि मृत्यूचा राजा तिच्या नशिबावर वाद घालत पटावर डाव मांडून बसलेले असतात.

त्या मृत्युराजाचं नाव यमरा. हो, आपलाच यम. ऋग्वेदातला हा पहिला मर्त्य बौद्ध धर्माबरोबर मध्य आशियातून चीनला गेला. तिथं त्याला सरकारी पोशाख चढला, परलोकातल्या दहा न्यायाधीशांत त्याची पाचवी खुर्ची ठरली, आणि तो तसाच कारकून-फायलींसह कोरियात पोचला. तिथल्या मोठ्या बौद्ध मठांत या दहा राजांचं वेगळं दालन असतं. मेलेल्या माणसाचा खटला 49 दिवस चालतो अशी श्रद्धा आहे, आणि घरचे लोक तितके दिवस सात-सात दिवसांच्या अंतरानं विधी करतात. आपल्याकडे दहावं, बारावं, तेरावं, तिकडं एकोणपन्नासावं.

जू हो-मिन या चित्रकाराची या खटल्यावरची वेबकॉमिक मालिका कोरियात भलतीच गाजली. तिच्यावरचा ‘अलाँग विथ द गॉड्स’ हा चित्रपट 2017 च्या डिसेंबरात आला आणि तिथं 1 कोटी 40 लाखांहून जास्त लोकांनी तो चित्रगृहात जाऊन पाहिला. एक अग्निशामक जवान लोकांना वाचवताना मरतो. देवदूत त्याच्या पुण्याईचं कौतुक करत त्याला नेतात. मग सात नरकांत सात खटले चालतात आणि एकेक पापुद्रा सुटत जातो. शेवटच्या खटल्यात कळतं, की दारिद्र्यानं पिचलेल्या या मुलानं एके रात्री आजारी, मुक्या आईच्या तोंडावर उशी दाबायचं ठरवलं होतं. आई जागी होती. तिला सगळं कळलं होतं, आणि ती आयुष्यभर गप्प राहिली. आता सुटका कशी? तर परलोकाच्या कायद्यात एक कलम आहे: जिवंतपणी ज्या गुन्ह्याला मनापासून क्षमा मिळाली, त्याचा खटला मेल्यावर चालवता येत नाही. क्षमा करायचा हक्क न्यायाधीशाकडे नाहीच, तो ज्याला लागलं त्याच्याकडे. यमाला तिथं हात बांधून बसावं लागतं. टेंबलाईच्या टेकडीवर देवीलाही तेच करावं लागतं, राग सोडायचा की नाही हे त्र्यंबोलीनंच ठरवायचं.

2024 मधली ‘द जज फ्रॉम हेल’ ही मालिका या कलमाला वेगळाच पीळ देते. नरकातली न्यायाधीश एका निरपराध जिवाला चुकून शिक्षा सुनावते. तिची शिक्षा म्हणून तिला पृथ्वीवर पाठवतात, एका तरुण न्यायाधीश बाईच्या देहात. काम दिलेलं असतं, वर्षभरात असे दहा खुनी नरकात धाडायचे ज्यांना ना पश्चात्ताप आहे, ना मृताच्या माणसांकडून क्षमा मिळाली आहे. चुकीचा निकाल देणाऱ्या न्यायाधीशालाच जन्म घ्यायची शिक्षा! ही कल्पना किती नवी म्हणून लोक हरखले. तिचा थोरला भाऊ महाभारताच्या आदिपर्वात आहे. मांडव्य ऋषींच्या आश्रमात चोर लपले, राजानं ऋषींनाच सुळावर चढवलं. त्यांनी यमधर्माला जाब विचारला, माझा गुन्हा काय? यम म्हणाला, लहानपणी तू किड्यांना काडी टोचली होतीस. मांडव्य भडकले. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? त्यांनी यमालाच शाप दिला, तू दासीच्या पोटी जन्म घेशील. तोच विदुर. वर त्यांनी मर्यादाही घालून दिली, की चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचं कृत्य पाप धरायचं नाही. बालगुन्हेगारांचा कायदा, सुळावर टोचलेल्या माणसानं लिहिलेला.

‘द जज फ्रॉम हेल’मध्ये मला न पटणारी एक गोष्ट आहे. खुन्यांना शिक्षा देतानाची दृश्यं इतकी रंगवून दाखवलीत की विचार मागं पडतो आणि शिट्ट्या पुढं येतात. हा राग कुठून येतो तेही समजून घ्यायला हवं. दक्षिण कोरियात फाशीची तरतूद कायद्यात आहे, पण डिसेंबर 1997 नंतर एकालाही फाशी दिलेली नाही. नृशंस गुन्ह्याला मिळालेली सौम्य शिक्षा हा तिथं वारंवार पेटणारा विषय आहे, आणि ती भडास पडद्यावर निघते. तरी सूड बघून मिळणारा गारवा जाहिरातीपुरताच टिकतो.

त्याच्या बरोबर उलट टोकाला ‘हेलबाउंड’ आहे, 2021 ची, येओन सांग-हो या दिग्दर्शकाची. आकाशात एक चेहरा उमटतो आणि माणसाला सांगतो, अमुक दिवशी अमुक वेळी तू मरशील आणि नरकात जाशील. ठरल्या वेळी तीन धिप्पाड आकृती येतात, त्याला भररस्त्यात चोपून जाळतात. का, ते कुणालाच माहीत नाही. पण एक पंथ लगेच जाहीर करतो की हे सगळे पापी होते. लोक पाप शोधू लागतात, सापडत नसेल तर बनवू लागतात. मग एके दिवशी तो चेहरा एका नुकत्याच जन्मलेल्या बाळाला तशीच वेळ सांगतो. त्या बाळाचं पाप कोणतं? पंथाची बोबडी वळते.

जन्मलेलं बाळ गुन्हेगार ठरवायची कल्पना भारतात पडद्यावर यायची गरज नव्हती. 1871 मध्ये इंग्रज सरकारनं तसा कायदाच केला होता, गुन्हेगार जमातींचा. अख्ख्या जमाती नोंदवहीत चढवल्या गेल्या, माणसांनी पोलिसांकडे किंवा गावकामगारांकडे रोज हजेरी द्यायची. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची अशी हजेरी बंद केली. ज्यांना बघितलं की लोक दारं लावून घेत त्या फासेपारध्यांना त्यांनी घरं दिली, कामं दिली आणि काहींना थेट स्वतःच्या पहाऱ्यावर नेमलं. चोर म्हणून नोंदलेल्या माणसांच्या भरवशावर राजा रात्री झोपत होता.