लाकडाचे वजन येते कोठून?

सामान्य विज्ञानाच्या तासाला "झाड मोठे होते ते कशाने?" असा प्रश्न टाकला, की वर्गातून बहुधा "मातीने" असे उत्तर येते. शेतकऱ्याच्या मुलाने असे म्हणावे यात नवल नाही. परंतु हे उत्तर तसेच पुढे जाऊ दिले, तर कर्बचक्राचा सारा पाठ पाठांतराच्या स्वाधीन होतो.

व्हॅन हेल्माँट या विद्वानाने कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घालून तीत वाळुंजाच्या जातीचे ५ पौंडांचे रोप लावले व पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड सुमारे १६९ पौंड भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तेव्हा ती अवघी दोनेक औंस उणी निघाली. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये ही हकीकत छापली गेली. झाड पाण्याचेच झाले, असा निष्कर्ष त्याने काढला. हवा त्याच्या हिशोबात आलीच नाही. आणि 'गॅस' हा शब्द प्रचारात आणणारा हाच गृहस्थ!

हवेच्या दहा हजार भागांत कर्बद्विप्राणिद वायूचे (कार्बन डायऑक्साइडचे) जेमतेम चार भाग असतात. पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून तो आत जातो आणि हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या बळावर त्याची व पाण्याची साखर बनवते. सुक्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन या कर्बाचे असते.

याचा पुरावा घरोघरीच्या चुलीत आहे. लाकडाचा भारा जळतो आणि राख उरते मूठ-दोन मूठ. मातीतून आलेले क्षार ते तेवढेच. उरलेले हवेतून व पाण्यातून आले होते, ते हवेत परत गेले. कोकणात व मावळात राब भाजतात तेथेही हेच घडते. राखेतील क्षार रोपांना मिळतात. पालापाचोळ्यातील कर्ब व बहुतेक नत्र मात्र निघून जातो. तोच पाला खड्ड्यात कुजवला तर कर्बाचा काही अंश जमिनीत टिकून तिची ओल धरतो.

खाण्याचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा व वरची निवळी घ्यावी. पपईच्या पानाच्या पोकळ देठातून तीत फुंकल्यास ती दुधाळ होते. (फुंकर शिक्षकांनीच मारावी, निवळी तोंडात वा डोळ्यांत जाणे बरे नव्हे.) भाकरीतील कर्ब श्वासावाटे बाहेर पडतो तो असा. झाडे रात्रीच श्वसन करतात, हा समज मात्र खोडून काढावा. ती अहोरात्र श्वसन करतात. दिवसा अन्ननिर्मिती त्याहून अधिक होते, इतकेच.

समुद्राचे पाणीही हा वायू शोषते व सोडते. चंद्रपूरकडील दगडी कोळसा म्हणजे पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा पुरून राहिलेला कर्ब होय. तो जाळला, की चक्राबाहेर पडलेला कर्ब एकदम हवेत येतो. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ पासून याचे मोजमाप चालू आहे. तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. २०२४ ची सरासरी ४२० च्या वर गेली. तेथील आलेखाची रेघ करवतीसारखी दातेरी आहे, कारण उत्तर गोलार्धातील झाडे पालवली, की मे महिन्यानंतर हा आकडा दरसाल काही महिने उतरतो. ती रेघ फळ्यावर काढून, ती का उतरते हे आधी मुलांनाच विचारावे.