रुबी जेम

रुबी या संगणकीय भाषेत लिहिलेल्या, इतर कार्यक्रमांत वापरता येण्याजोग्या आज्ञावलींची ठराविक स्वरूपात बांधलेली संचयिका. भाषेचे नाव माणिक या रत्नाचे असल्याने अशा संचयिकेस ‘जेम’ (रत्न) म्हणतात. जपानी संगणकतज्ञ यूकिहिरो मात्सुमोतो यांनी निर्माण केलेली रुबी भाषा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. जेम हाताळणाऱ्या ‘रुबीजेम्स’ या प्रणालीची रचना चॅड फाउलर, जिम वाइरिख, रिचर्ड किल्मर इत्यादींनी २००३ मध्ये केली. ती २००४ मध्ये सार्वजनिक झाली व रुबी १.९ पासून भाषेसोबतच मिळू लागली.

भारण : जेममध्ये आज्ञावलीबरोबर तिचे नाव, आवृत्ती व तिला लागणारी इतर जेम यांची नोंद असते. एकाच जेमच्या अनेक आवृत्त्या संगणकात साठविता येतात; परंतु चालू कार्यक्रमात त्यांपैकी एकच सक्रिय होते. ‘रिक्वायर’ ही आज्ञा मिळताच प्रथम शोधमार्गातील निर्देशिका तपासल्या जातात. तेथे धारिका न आढळल्यास साठविलेली जेम पाहून, अन्य बंधन नसेल तर, सर्वांत नवी आवृत्ती सक्रिय केली जाते व तिची निर्देशिका शोधमार्गात समाविष्ट होते. ‘रिक्वायर’मुळे धारिका एकदाच भारित होते, ‘लोड’मुळे मात्र दर वेळी.

आवृत्ती : आवृत्तिक्रमांकाचे सामान्यतः तीन भाग असतात. पहिला भाग जुन्याशी विसंगत बदल, दुसरा सुसंगत भर व तिसरा दुरुस्ती दर्शवितो. हे भाग पूर्णांक म्हणून ताडले जातात, त्यामुळे १.१० ही १.९ नंतरची ठरते. ‘~> २.३.१’ या बंधनाचा अर्थ २.३.१ किंवा त्यापुढील, पण २.४ पूर्वीची आवृत्ती असा होतो.

बंधन सैल असल्यास तोच कार्यक्रम दुसऱ्या संगणकावर वेगळी आवृत्ती उचलून बंद पडू शकतो. यासाठी ‘बंडलर’ हे साधन परस्परांशी जुळणाऱ्या आवृत्त्या निवडून त्यांची कुलूपबंद नोंद ठेवते. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘रेस्ट-क्लायंट’ या जेमच्या एका देखभालकर्त्याचे खाते बळकावून १.६.१३ ही घातक आवृत्ती प्रसृत करण्यात आली. ‘~> १.६.९’ असे बंधन असलेल्या कार्यक्रमाने अद्ययावतीकरणात ती दुरुस्ती समजून स्वीकारली असती. जुनी कुलूपबंद नोंद पाळणारा कार्यक्रम तिच्यापासून दूर राहिला असता. क्रमांक हे केवळ कर्त्याचे आश्वासन असते, सुरक्षिततेची हमी नव्हे. म्हणून नोंदीतील प्रत्येक बदल तपासूनच स्वीकारणे इष्ट ठरते.