घड्याळ पळण्यासाठी हवे की तब्येतीसाठी?

पहाटे चालायला आणि पळायला जाणाऱ्यांची संख्या आता लहान शहरांतही वाढली आहे. २०१२ साली सुरू झालेल्या साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसारख्या स्पर्धांमुळे चाळिशी-पन्नाशीतील मंडळीही पळू लागली आहेत. मग प्रश्न येतो तो घड्याळाचा. जीपीएसचे खास क्रीडा घड्याळ घ्यावे की स्मार्टवॉच?

फरक कोणता?

स्मार्टवॉच म्हणजे मनगटावरचा छोटा मोबाइलच. फोन आल्याचे कळते, निरोप वाचता येतात, पावले आणि नाडीचे ठोके मोजले जातात. मात्र चांगल्या स्मार्टवॉचलाही बहुधा रोज किंवा एक-दोन दिवसांनी चार्जिंग लागते. स्वस्त घड्याळांपैकी अनेकांत स्वतःचे जीपीएस नसते. अंतर अचूक हवे असेल तर खिशात मोबाइल ठेवावा लागतो. खरेदीपूर्वी हे जरूर विचारून घ्यावे.

क्रीडा घड्याळ उपग्रहांच्या संदेशांवरून अंतर आणि वेग मोजते. एकदा चार्ज केले की ते अनेक दिवस चालते. दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीला १२ तासांची मुदत असते. अशा ठिकाणी घड्याळ मध्येच बंद पडून चालत नाही. शिवाय घामाने किंवा पावसाने बोटे ओली असली तरी त्याची बटणे सहज दाबता येतात.

कोणी काय घ्यावे?

हाफ मॅरेथॉन किंवा त्याहून लांब पळण्याचा नियमित सराव करणाऱ्यांनी क्रीडा घड्याळाचा विचार करावा. रोज अर्धा-पाऊण तास चालणाऱ्यांना त्याची गरज नाही. घरातील वयस्कर व्यक्तीसाठी, पडल्यास घरच्यांना कळवण्याची सोय असलेले स्मार्टवॉच अधिक उपयोगी.

घड्याळ नसले तरीही काही अडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, एवढी गती असली की तो मध्यम व्यायाम समजावा.

आकड्यांवर किती विश्वास ठेवावा?

दोन्ही प्रकारची घड्याळे हिरवा प्रकाश त्वचेवर टाकून नाडी मोजतात. पट्टा सैल असला किंवा हात जोरात हलला की आकडा चुकतो. छातीला बांधायचा पट्टा त्याहून भरवशाचा असतो. रक्तदाबासाठी दंडाला पट्टा बांधून मोजणारे यंत्रच वापरावे.

मधुमेहींनी विशेष सावध राहावे. सुई न टोचता रक्तातील साखर सांगतो असा दावा करणारी घड्याळे वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरवली तर साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकते.

काही स्मार्टवॉच ईसीजीही काढतात. त्यातून ठोक्यांची अनियमितता लक्षात येऊ शकते; हृदयविकाराचा झटका मात्र ओळखता येत नाही. छातीत दुखणे, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप लागणे अशी लक्षणे दिसली तर घड्याळात काहीही दिसो, पळणे थांबवून ताबडतोब रुग्णालय गाठावे. चाळिशीनंतर पळायला सुरुवात करणाऱ्यांनी, विशेषतः रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास, घड्याळाच्या दुकानात जाण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.