खाजनाच्या बांधावर घडलेले पुढारी

डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठाने नार्वे, पिळगाव या बाजूला गेलात तर शेताच्या कडेला मातीच्या बांधात बसवलेली एक लाकडी दारांची चौकट दिसेल. तिला मानस म्हणतात. सारमानस या गावाच्या नावातही तो शब्द ऐकू येतो. भरती आली की नदीचे खारे पाणी बाहेरून दारांवर रेटते आणि दारे आपोआप मिटतात. सुकती लागली की आतले पाणी उलटे रेटते, दारे उघडतात आणि शेतातले जादा पाणी नदीला मिळते. त्याच वेळी दाराला जाळे लावले की कोळंबी आणि मासे मिळतात. मोटार नाही, वीज नाही, दिवसरात्र पहारा नाही. चंद्राच्या ओढीवर चालणारे हे यंत्र गोव्याच्या शेतकऱ्याने शेकडो वर्षे चालवले आहे.

मानशीइतकीच थक्क करणारी गोष्ट मात्र तिच्यामागची माणसांची व्यवस्था आहे. गोव्यातल्या लोकसंघटनांचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक मुक्तिलढ्यापासून किंवा कामगार संघटनांपासून सुरुवात करतात. माझ्या मते ती सुरुवात या बांधापासून करायला हवी. दहा माणसांना एकत्र आणणे, त्यांच्याकडून काम करून घेणे आणि पैशाचा हिशेब चारचौघांत मांडणे ही पुढारीपणाची तीन कामे इथला माणूस सर्वांत आधी बांधावर शिकला.

खाजन म्हणजे भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली, बांध घालून नदीकडून मिळवलेली जमीन. गोव्यात असे सुमारे १८,००० हेक्टर क्षेत्र मानले जाते. डिचोलीत ते मांडवीच्या काठी आहे, तर पेडण्यात शापोरा आणि तेरेखोल या दोन नद्यांच्या मुखांकडे. आगरवाड्याची मिठागरेही त्याच खाऱ्या पाण्यावर चालतात. खाजनाचा इतिहास किती जुना आहे याचा लेखी पुरावाही आहे. बांदोडे येथे सापडलेल्या, सहाव्या शतकाच्या सुमाराच्या अनिर्जितवर्मन राजाच्या ताम्रपटात ‘खज्जण’ जमिनीचा आणि समुद्राचे पाणी अडवणारा बांध घालण्याचा उल्लेख आहे. आज खाऱ्या जमिनीत तग धरणारे कोरगूट भात जिथे पिकते, तिथे तेव्हाही कुणीतरी पावसाळ्याआधी माणसे गोळा करून बांध शिवत होते.

इथे एकट्याने चालत नाही. माझ्या शेताला लागून असलेला बांध मी नीट ठेवला आणि शंभर पावलांवरच्या शेजाऱ्याने ठेवला नाही, तर खारे पाणी दोघांचेही भात मारते. मिठाने मारलेली जमीन पुन्हा पिकायला काही पावसाळे जावे लागतात. म्हणून कोणाच्या वाट्याला बांधाचा किती भाग, माती कोण टाकणार, चिरे कुठून येणार, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला रात्री नजर कोण ठेवणार, हे सगळे मिळून ठरवावे लागे. जुन्या काळी ही जबाबदारी गावकरीवर, म्हणजे पुढे पोर्तुगिजांनी ज्यांना कोमुनिदाद म्हटले त्या ग्रामसंस्थांवर होती. प्रत्यक्ष कसणाऱ्यांच्या संघाला बौस म्हणत. गावकरीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. निर्णयाचा हक्क गावकार घराण्यांचा होता आणि चिखलात उभे राहणारे कूळ त्या बैठकीत बसत नव्हते. बांध ज्याच्या अंगावर, त्याच्या शब्दाला मात्र किंमत नाही, असे कित्येक पिढ्या चालले.

हे बदलण्याचे श्रेय एका पेडणेकराला आणि त्याच्या मुलीला जाते. दयानंद बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडण्यात झाला. पेडणे हा जहागिरीचा मुलूख होता. इथल्या देशप्रभू घराण्याला पोर्तुगिजांनी ‘व्हिश्कोंद द पेर्नेम’ हा किताब दिलेला होता, आणि बहुतेक कसणारे दुसऱ्याच्या जमिनीवर राबत होते. बांदोडकर स्वतः खाणमालक झाले. पण डिसेंबर १९६३ मधल्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षामागे उभे राहिलेले लोक कुळे आणि मुंडकार होते, भाटकाराच्या जमिनीत शेत कसणारे आणि झोपडी बांधून राहणारे. १९६४ मध्ये कूळ कायदा आला. १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७५ मध्ये मुंडकार संरक्षणाचा कायदा आणि १९७६ मध्ये कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती झाली. २० एप्रिल १९७६ हा कायद्याच्या भाषेत कसणाऱ्यांचा दिवस ठरला आणि त्या तारखेपासून कूळ जमिनीचा मालक मानला गेला. प्रत्यक्षात ही मालकी कागदावर उतरवायला पुढची कित्येक वर्षे मामलेदाराच्या कचेरीत चपला झिजवाव्या लागल्या. अनेकांच्या अजून झिजत आहेत.

मालकीबरोबर बांधही आला. कूळ कायद्यात एक तरतूद आहे, जिची वर्तमानपत्रांत फार चर्चा होत नाही. कुळांच्या संयुक्त जबाबदारीविषयी १९७५ मध्ये नियम झाले, आणि त्यांनुसार बांध, मानस व पाण्याचे चर सांभाळण्यासाठी कुळांची संघटना उभी राहते. सर्वसाधारण सभा भरते, कार्यकारी समिती निवडली जाते, मानशीतल्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी होते. वर मामलेदाराची देखरेख. ज्या माणसाचा बाप गावकरीच्या बैठकीबाहेर उभा असे, तो आता अध्यक्ष म्हणून इतिवृत्तावर सही करू लागला.

या पदाला पगार नाही. पण शिक्षण केवढे मिळते! जमिनीचा एक-चौदाचा उतारा वाचता यावा लागतो. पावणीत बोली कोणी पाडून लावली ते ओळखावे लागते. सरकारी अभियंत्याला बांधाची भाषा समजवावी लागते, आणि शेजाऱ्याच्या हद्दीचे भांडण पोलिसांपर्यंत जाऊ न देता मिटवावे लागते. पुढे पंचायत, सहकारी सोसायटी, दूध संस्था, युनियन यांत शिरणाऱ्या माणसाला लागणारे सगळे इथे आधीच शिकून होते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भातापेक्षा कोळंबी महाग झाली आणि मानशीचे ठेकेदार गब्बर झाले. पाणी बाहेर सोडायच्या वेळी ते आत अडवून ठेवले तर भात जाते आणि मासा वाढतो. काही ठिकाणी बांध फुटले नाहीत, फोडले गेले. जिथे सभा भरत नाही, हिशेब वाचला जात नाही, तिथे चार जण संघटना गिळतात आणि खाजनात कांदळ माजते. खाजने उजाड होण्यामागे समुद्राइतकाच हा दोष आहे असे मी मानतो.

याच डिचोलीत मये गावाची कहाणी वेगळी आहे. तिथली जमीन पोर्तुगीज किताबाच्या धन्याची, मयेच्या कोंदाची. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर मालक निघून गेल्यामुळे ती निर्वासितांची मालमत्ता ठरली आणि १९६४ च्या निर्वासित-मालमत्ता कायद्याखाली सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. शेजारच्या गावात कूळ मालक होत असताना मयेकराचा भाटकार सरकारच होते. स्वतःच्या घराची दुरुस्ती करायलाही परवानगी मागावी लागे. भूविमोचनासाठी मयेवासीयांनी समिती केली, सभा घेतल्या, मोर्चे काढले, मुख्यमंत्री बदलले तरी निवेदने तीच ठेवली. अखेर २०१४ मध्ये अशा जमिनींवरची मालकी, किताब आणि देणग्या रद्द करणारा कायदा झाला. त्यानंतर सनदा वाटायला सुरुवात झाली. मुक्तीनंतर त्रेपन्न वर्षांनी! इतकी वर्षे एक मागणी जिवंत ठेवणे हे भाषण गाजवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे, आणि ते करणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे गावाबाहेर कोणाला ठाऊक नाहीत.

खाणीवरच्या कामगाराची संघटना मात्र नव्याने उभी करावी लागली. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत संपाला बंदी होती. शिरगाव, पाळी, कुडणे या पट्ट्यात सुरुवातीची खनिज वाहतूक बायकांच्या डोक्यावरच्या टोपल्यांनी होत असे. मुक्तीनंतर भारतीय कामगार कायदे लागू झाले. १९२६ च्या कायद्याने सात कामगार एकत्र आले तरी युनियनच्या नोंदणीचा अर्ज करता येई. स्वातंत्र्यसैनिक आणि कम्युनिस्ट नेते जॉर्ज वाझ यांनी खाणकामगारांत हे काम उभे केले. ते मालकाशी बोलणी करत तेव्हा त्यांच्यामागे काल-परवापर्यंत हजेरीपटावरही धड नाव नसलेले लोक उभे असत.

खाणीने रोजगार दिला आणि तिच्याच मातीने खालची शेते गाळाने भरली. एकाच घरात बाप शेतकऱ्यांच्या सभेला आणि मुलगा युनियनच्या सभेला, अशी स्थिती आली. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द केले आणि १५ मार्चनंतर काम पुन्हा बंद पडले. त्यानंतर पुती गावकर यांच्या नेतृत्वाखाली गोवा मायनिंग पीपल्स फ्रंटने कामगार, ट्रकमालक आणि बार्जवाले यांना एका छत्राखाली आणले. लिलावात गेलेल्या डिचोलीच्या पहिल्या ब्लॉकवर २०२४ मध्ये खनिज काढणे सुरू झाले, आणि पिळगाव, मुळगाव, शिरगावच्या शेतकऱ्यांचे जुने प्रश्न पुन्हा पुढे आले. यात एका बाजूला सरळ सरळ चूक ठरवणे मला जमत नाही. शेतकरी आणि खाणकामगार यांना एका खोलीत बसवू शकेल असा पुढारी डिचोलीला अजून मिळालेला नाही, एवढे मात्र नक्की.

समुद्रावर हेच काम माथानी साल्ढाणा यांनी केले. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला डझनावारी माणसे लागतात आणि मिळालेल्या माशांत प्रत्येकाचा वाटा असतो. म्हणजे रापणकार हा जन्मतःच संघटित. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याला भिडले आणि रापणीत मासा येईना. शाळामास्तर असलेल्या माथानींनी रापणकारांचा एकवट उभा केला, मोर्चे आणि उपोषणे केली. १९७८ मध्ये देशभरातल्या मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच निघाला तो त्यांच्याच पुढाकाराने. १९८० मध्ये गोव्यात सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. पुढे ते आमदार, मंत्री झाले. मार्च २०१२ मध्ये नव्या मंत्रिमंडळात शपथ घेतल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, २१ मार्चला त्यांचे निधन झाले. मंत्रिपदापेक्षा एकवटाचे काम मोठे, असे लोक आजही मानतात आणि मलाही तसेच वाटते.

पीटर आल्वारिस यांचा प्रवास तर पेडण्याच्या टोकापासून देशभरच्या रुळांपर्यंत गेला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यात तिरंगा लावला, तेव्हा नॅशनल काँग्रेस गोवा या संघटनेची धुरा आल्वारिस यांच्याकडे होती. तेच पुढे अखिल भारतीय रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष झाले आणि पणजीतून लोकसभेवर गेले. १९७३ मध्ये त्यांच्या जागी जॉर्ज फर्नांडिस निवडून आले, आणि पुढच्याच मे महिन्यात रेल्वेचा तो प्रसिद्ध देशव्यापी संप झाला.

पेडण्याचा आजचा लढा पठारावरचा आहे. मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल या भागातली जमीन विमानतळासाठी गेली. पीडित शेतकऱ्यांनी समिती केली, धनगरांच्या वस्तीचा प्रश्न मांडला. पर्यावरण परवान्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २९ मार्च २०१९ रोजी तो परवाना स्थगित झाला, १६ जानेवारी २०२० रोजी स्थगिती उठली आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. लढाई हरली असे म्हणता येईल. पण त्यानंतर पेडण्याचे टॅक्सीवाले ज्या शिस्तीने एकत्र आले आणि आमच्या जमिनीवरच्या विमानतळावर आम्हाला काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा काउंटर हवा ही मागणी त्यांनी मान्य करून घेतली, त्यात आधीच्या समितीच्या सभांचा वाटा मला स्पष्ट दिसतो. निवेदन कसे लिहावे, कोणाच्या दारात बसावे, किती दिवस बसावे, हे त्या पठारावर शिकून झाले होते.

बांधावरचे शिक्षणही असेच कामी आले होते. २०१४ मध्ये कूळ-मुंडकारांचे खटले मामलेदाराकडून दिवाणी न्यायालयात नेणारी आणि दाव्यांना तीन वर्षांची मुदत घालणारी दुरुस्ती आली होती. गावोगाव ओरड झाली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. ती ओरड करणाऱ्यांत बांधावरचीच माणसे होती.

पेडणे-डिचोलीच्या तरुण वाचकांना म्हणून एकच विनंती आहे. तुमच्या गावात खाजन असेल तर तिथे कुळांची संघटना आहे का ते विचारा. असेल तर तिच्या पुढच्या सर्वसाधारण सभेला जा, मागच्या बाकावर बसा आणि यंदाच्या मानशीच्या पावणीचा हिशेब मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.