पंख असलेल्या गायिका

संगीतानें माणूस मोहित होतो, हा सर्वांचा अनुभव आहे. परंतु त्या मोहाला भ्यावें कीं त्याला साथ द्यावी, या प्रश्नाचें उत्तर सर्व देशांनीं सारखें दिलेलें नाहीं. घरोघरचीं मुलें आज जे व्हिडिओ खेळ खेळतात, त्यांतहि हा जुना प्रश्न नव्या वेषांत उभा आहे.

'एल्डन रिंग' हा फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा अद्भुतरम्य खेळ फेब्रुवारी २०२२ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांतील ओसाड प्रदेशांतून जातां जातां दुरून एका स्त्रीचा करुण स्वर कानीं पडतो. शब्द लॅटिन भाषेंतले आहेत. एके काळीं धन्य असलेली भूमि आतां निस्तेज झाली, असा त्यांत विलाप आहे. स्वराच्या रोखानें पुढें जावें, तों वटवाघळासारखे पंख असलेली एक विद्रूप वृद्धा दृष्टीस पडते. खेळणारा तिच्या टप्प्यांत आला कीं ती अंगावर येते. खेळाच्या हिशेबीं ती शत्रु आहे.

गाणाऱ्या शत्रूची ही कल्पना ग्रीकांनीं फार पूर्वीं रंगविली. होमरच्या 'ओडिसी'मध्यें ट्रॉयचें युद्ध आटोपून घरीं परतणाऱ्या ओडिसियसची नौका सायरन नांवाच्या गायिकांच्या बेटाजवळून जाते. त्यांचें गाणें जो ऐकेल, त्याला बायकामुलें पुन्हां दिसत नाहींत. म्हणून ओडिसियस खलाशांच्या कानांत मेण भरतो आणि स्वतःला डोलकाठीशीं बांधवून घेतो. होमर या गायिकांचें रूप सांगत नाहीं. स्त्रीचें मुख व पक्ष्याचें शरीर त्यांना ग्रीक चित्रकारांनीं दिलें. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांतील एका कुंभावर हा प्रसंग आहे; त्यांत एक पंखवाली गायिका समुद्रांत कोसळतांना दिसते.

आतां नागपूरकरांनीं आपल्या दाराशीं पाहावें. शहरापासून सुमारें पन्नास किलोमीटरांवर रामटेकची टेकडी आहे. नागपूरचे थोर संशोधक महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं कालिदासाच्या 'मेघदूता'तील रामगिरि तो हाच, असें प्रतिपादन केलें. तेथून यक्षाचा निरोप घेऊन निघालेला मेघ हिमालयांत पोहोंचतो, तेव्हां त्यालाहि गायिका भेटतात. त्या किन्नरी शंकराच्या त्रिपुरविजयाचें गीत गात असतात. यक्ष मेघाला कान झांकावयास सांगत नाहीं. वाऱ्यानें भरलेले वेळू तेथें बांसरीसारखे वाजतात; दऱ्यांत घुमणाऱ्या तुझ्या गर्जनेनें मृदंगाची उणीव भरून निघेल, असें तो सुचवितो.

किन्नरांच्या रूपाविषयीं मात्र एकवाक्यता नाहीं. अमरकोशांत 'तुरंगवदन', म्हणजे घोड्याच्या तोंडाचा, हा किन्नराचा पर्याय आहे; बौद्ध कलेंत मात्र त्याचें वरील अंग माणसाचें व खालचें पक्ष्याचें असतें. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत पद्मपाणि बोधिसत्त्वाच्या परिसरांत असे किन्नर वाद्यें घेऊन चितारलेले आहेत. सोळावें लेणें वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें कोरविलें. आणि वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेची राजधानी नंदिवर्धन ही रामटेकजवळची. म्हणजे किन्नराचें हें पक्षिरूप विदर्भाला परकें नाहीं.

दोन्ही कथांत प्रवास आहे आणि शेवटीं वाट पाहणारी पत्नी आहे. ओडिसियसच्या बाबतींत गाणें त्या भेटीच्या आड येतें. मेघाच्या बाबतींत तें वाटेवरचें कर्तव्य होतें. यावरून एक देश भित्रा व दुसरा रसिक असा निवाडा करूं नये. ओडिसियसनें मेण खलाशांच्या कानांत भरलें, स्वतःच्या नाहीं. बांधलेला कां होईना, तो ऐकत होता. शत्रूचेंहि गाणें ऐकण्याजोगें असूं शकतें, हें ग्रीकांनाहि ठाऊक होतें.

एल्डन रिंगच्या कर्त्यांनीं त्या वृद्धेला नुसती किंकाळी दिली असती तरी खेळ चालला असता. त्यांनीं तिला विलाप दिला. तलवार उपसण्यापूर्वीं मुलानें क्षणभर थांबून तो ऐकला, आणि वडील मंडळींनीं त्याला रामटेकहून निघालेल्या मेघाची गोष्ट सांगितली, तर पंख असलेली प्रत्येक गायिका मारण्यासाठींच असते, असा त्याचा समज राहणार नाहीं.